घमेल्यातला मासा किती नदीचा?

पुण्याहून सोलापूरला येताना भीमानगर मागं पडलं, की टेंभुर्णीच्या अलीकडं रस्त्याकडेला एक मावशी मासे घेऊन बसतात. समोर ओलं पोतं, त्यावर घमेलं, शेजारी विळी आणि तराजू. गेल्या खेपेला थांबलो तेव्हा घमेल्यात चार जातींचे मासे होते. मोठ्या डोक्याचा कटला, लालसर परांचा रोहू, राखाडी चिलापी आणि एका कोपऱ्यात मिशावाले, वीतभर लांबीचे पाच-सहा शिंगटे.

"मावशी, मासा कुठला?"

"नदीचाच की ओ. उजनीचा."

एका दमात दोन उत्तरं. आपण सगळेच असं बोलतो, आपल्याला भीमा नदी काय आणि तिच्यावरचं उजनी धरण काय, पाणी एकच. माशाला मात्र ते एक नाही. त्या चार जातींपैकी भीमेची मूळची जात एकच, कोपऱ्यातला शिंगटा. कटला आणि रोहू मूळचे गंगेकडचे आणि चिलापी थेट आफ्रिकेतली. वाहतं पाणी अडून उभं राहिलं की त्यात कोण टिकतं, कोण निघून जातं आणि रिकाम्या जागेवर कोण येऊन बसतं, याचा सगळा हिशेब त्या घमेल्यात होता.

भीमा निघते भीमाशंकरला. सुमारे 860 किलोमीटर वाहून कर्नाटकात रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते. सोलापूर जिल्ह्यात येईपर्यंत इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड तिच्यात येऊन गेलेल्या असतात. 1980 साली माढा तालुक्यात उजनीचं धरण पूर्ण झालं. भिंत अडीच किलोमीटरची आणि तिच्यामागचा फुगवटा शंभर किलोमीटरहून लांब, करमाळा, इंदापूर, कर्जत, दौंड असा पसरलेला. कागदावर त्याचं नाव यशवंतसागर. ते नाव मी अजून कुणाच्या तोंडून बोलण्याच्या ओघात ऐकलेलं नाही.

गंमत अशी, की हे धरण आपल्या पावसावर भरतच नाही. सोलापुरात वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पडतो, तोही लहरी. धरण भरतं ते सह्याद्रीवर पडलेल्या पावसानं, पुण्याकडची धरणं भरून वाहिली की. म्हणून जुलै-ऑगस्टात इकडचा माणूस आभाळाकडं कमी आणि मोबाइलकडं जास्त बघतो: दौंडचा विसर्ग किती, म्हणजे दौंडहून सेकंदाला किती घनफूट (क्युसेक) पाणी उजनीकडं येतंय? एवढे हजार क्युसेक म्हणजे किती दिवसांत उजनी भरणार, हे तोंडी हिशेब चहाच्या टपरीवर चालतात.

टक्क्यांचा घोळ इथंच सोडवून घेऊ. दर उन्हाळ्यात 'उजनी उणे इतके टक्के' अशी बातमी येते आणि बाहेरगावचे पाहुणे विचारतात, धरण शून्याच्या खाली कसं जातं ओ? उजनीत पूर्ण भरल्यावर साधारण 117 टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे 2,830 कोटी लिटर. या 117 पैकी वरचं साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठा, म्हणजे कालव्यांना सहज देता येणारं पाणी. खालचं जवळपास 64 टीएमसी म्हणजे मृत साठा. टक्केवारी मोजतात ती फक्त वरच्या साडेत्रेपन्नवर. म्हणून उजनी 'शून्य टक्के' असते तेव्हाही धरणात 64 टीएमसी पाणी असतं. त्या खालच्या साठ्यातून उचलायला लागलं की आकडा उणे होतो. 2024 च्या उन्हाळ्याच्या शेवटी उजनी उणे साठच्या घरात गेली होती. म्हणजे मृत साठ्यातले सुमारे 32 टीएमसी संपले होते, निम्मा मृत साठा. इंजिनिअरांच्या भाषेत मृत असलेलं हे पाणी माशांच्या दृष्टीनं मे महिन्यातलं शेवटचं घर असतं.

आणखी एक आकडा लोक सहसा लक्षात घेत नाहीत. पूर्ण भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून 496.83 मीटर, मृत साठ्याची पातळी 491.03 मीटर. सगळं उपयुक्त पाणी, म्हणजे आपली शेती, ऊस, कारखाने, भांडणं, ते जेमतेम सहा मीटरच्या थरात आहे. दोन मजली घराइतकंही नाही. मुलूख सपाट आहे म्हणून एवढ्याशा उंचीत एवढं मावतं. आणि सपाट आहे म्हणूनच पातळी एक मीटर उतरली की काठ लांबवर मागं सरकतो, शेतंच्या शेतं उघडी पडतात. पक्षी, मासे आणि माणसं तिघांचंही वर्ष या मागंपुढं होणाऱ्या काठावर चालतं.

आता घमेल्याकडं.

कटला आणि रोहू उभ्या पाण्यात मजेत वाढतात, पण तिथं सहसा त्यांची वीण होत नाही. त्यांना अंडी घालायला पावसाळ्याचा पूर लागतो. गढूळ, वाहतं, काठ सोडून शेतात शिरलेलं पाणी. धरणाच्या फुगवट्यात ते कुठलं? म्हणून या माशांचं पीक ऊस-ज्वारीसारखंच पेरावं लागतं. पूर्वी त्यांचं बीज नद्यांतूनच गोळा करायचे, त्यात नको त्या माशांची पिल्लंही यायची. 10 जुलै 1957 रोजी कटकला हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूलगतच्या एका बारीक ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशांकडून अंडी घालवून घेतली आणि तिथून बीज केंद्रांचा रस्ता खुला झाला. आपल्याकडं या व्यवहाराची भाषा मोठी छान आहे. नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्लं म्हणजे मत्स्यजिरे, दिसायलाही खरंच जिऱ्यासारखी. थोडी वाढली की मत्स्यबीज. बोटाएवढी झाली की बोटुकली. धरणात सोडायची ती बोटुकली, कारण जिरं सोडलं तर ते दुसऱ्या माशांचा नाश्ता होतं.

बोटुकली सोडली म्हणजे काम झालं असंही नाही. कटला किलो-दोन किलोचा व्हायला वर्षभर जातं. मधेच कुणी वडाप ओढलं, म्हणजे मच्छरदाणीसारख्या बारीक आसाचं जाळं लावून काठचं पाणी चाळून काढलं, की किलोचा होणारा मासा शंभर ग्रॅमचा असतानाच सुकटीत जातो. आस म्हणजे जाळ्याचं भोक. मोठ्या आसाचं जाळं लहान माशाला जाऊ देतं, बारीक आसाचं कुणालाच सोडत नाही. जुन्या मच्छीमारांची खरी चीड या वडापावर असते. पुण्याच्या सांडपाण्याविषयी ते बोलतात त्याहून कडक शब्दांत मी त्यांना वडापाविषयी बोलताना ऐकलंय.

चिलापीला यातलं काहीच लागत नाही. ना पूर, ना बीज केंद्र, ना सरकारी योजना. 1952 साली हा आफ्रिकेतला मासा भारतात आणला गेला, तळ्यांत स्वस्तात मासळी व्हावी म्हणून. तिचा संसार बघण्यासारखा असतो. नर उथळ पाण्यात गाळ उकरून ताटाएवढा गोल खड्डा करतो. मादी त्यात अंडी घालते आणि लगेच ती तोंडात भरून घेते. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तोंड हाच पाळणा. त्या दिवसांत ती जवळजवळ उपाशीच असते. पिल्लं पोहायला लागल्यावरही धोका दिसला की परत आईच्या तोंडात शिरतात. दुसरे मासे लाखानं अंडी घालून ती नशिबावर सोडतात. चिलापी थोडीच घालते, पण सांभाळते, आणि वर्षातून पुन्हा पुन्हा घालते. काही महिन्यांची, तळहाताएवढी असतानाच ती आई होते. शेवाळ, गाळातला कुजका पाला, किडे, दुसऱ्यांची अंडी, काहीही खाते.

एप्रिलमध्ये करमाळा तालुक्यातल्या केत्तूरच्या बाजूला पाणी उतरलेलं असताना काठानं चालून बघा. भेगाळलेल्या गाळात रांगेनं गोल खड्डे दिसतील, कडा जरा उचललेल्या, जणू कुणी परात दाबून ठशे उमटवलेत. मला आधी ते जनावरांच्या पाण्याचे खड्डे वाटले होते. एका भोई काकांनी हसून सांगितलं, "चिलापीची बाळंतिणीची खोली हाय ती."

चिलापीला परदेशी म्हणून शिव्या घालणं सोपं आहे आणि तिनं देशी माशांची जागा खाल्ली हेही खरं. पण उजनीच्या काठच्या कितीतरी घरांत चूल पेटते ती तिच्यावर, आणि भिगवण-इंदापूरच्या ढाब्यांवरच्या ताटातही बहुतेक वेळा तीच असते. जे पाणी आपण करून ठेवलंय त्यात तगणारा मासा आपल्याला मिळाला, एवढंच मी म्हणेन.

घमेल्यात न आलेला एक पाचवाही आहे, सकर मासा. काचेच्या टाकीत शेवाळ खाऊन काच स्वच्छ ठेवतो म्हणून हौसेनं विकत घेतात. मोठा झाला की टाकीत मावत नाही, मग कुणीतरी दया येऊन ओढ्यात सोडतं. मूळचा दक्षिण अमेरिकेचा, अंगावर चिलखतासारखे कडक खवले, पर काटेरी. जाळ्यात आला की जाळं फाडतो, खायला कुणी घेत नाही, म्हणून काठावर फेकलेला दिसतो. घरातला मासा नकोसा झाला तर तो नदीत सोडू नका, एवढं एक तरी आपल्या हातात आहे.

पाण्याचं बोलू. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी शेवटी याच फुगवट्यात येतं. घाण म्हणजे विष आणि विषानं मासे मरतात, असं सरळ चित्र आपल्या डोक्यात असतं. बऱ्याचदा गोष्ट उलटी असते, पाण्याला खत जास्त होतं. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असतं, उसाच्या रानातून वाहून आलेल्या पाण्यातही तेच. शेताला युरिया टाकल्यावर जे होतं तेच पाण्यात होतं, शेवाळ माजतं आणि पाणी हिरवंगार दिसतं. दिवसा ऊन असेतो हे शेवाळ प्राणवायू सोडतं. रात्री तेच शेवाळ प्राणवायू घेतं, आणि तळाशी कुजणारा गाळही घेतो. त्यामुळं पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो पहाटे, तांबडं फुटायच्या आधी. दोन-चार दिवस ढग राहिले की दिवसाची भरपाईही होत नाही. मग मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. बघणाऱ्याला वाटतं मासे खेळतायत, पण त्यांना दम लागलेला असतो. अशा पहाटेत कटल्यासारखे मासे आधी जातात. चिलापी पृष्ठभागाचं पाणी ओढत रेटून नेते. मरळ तर थेट वरची हवाच गिळते, तिला काही फरक पडत नाही.

याच हिरव्या, सुपीक, घाण पाण्यानं पक्ष्यांची मात्र चंगळ केलीय. पाणी उतरलं की उघडा पडतो तो गुडघाभर पाण्याखालचा मऊ गाळ, किड्यांच्या अळ्या, बारीक कोळंबीवर्गीय जीव आणि शेवाळानं भरलेला. रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, येतात ते यासाठी. मान खाली घालून, चोच उलटी करून ते चिखल चाळतात. चोचीच्या कडेला बारीक दातेरी पट्ट्या असतात, त्यांतून पाणी बाहेर आणि खाणं आत. अंगाचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. पाय लांब असले तरी खोल पाण्यात त्यांचं असं चाळणं चालत नाही. म्हणून धरण उशिरापर्यंत तुडुंब राहिलं की रोहितही उशिरा येतात आणि भिगवण, कुंभारगावचे होडीवाले वाट बघत बसतात. करमाळ्याच्या बाजूलाही हेच पक्षी उतरतात, फक्त गर्दी त्या काठाला. आपण सोलापूरकर जाहिरातीत कच्चे, दुसरं काय.

मला स्वतःला रोहितापेक्षा जास्त आवडतो तो वारकरी. पाणकोंबडीएवढा, काळाकुट्ट, कपाळावर पांढराशुभ्र टिळा. हिवाळ्यात शेकड्यांनी एकत्र तरंगतात. हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण पंढरपूरच्या वरच्या पाण्यावर बुक्का आणि गंध लावून बसलेल्या पक्ष्याला दुसरं नाव शोभलंही नसतं. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले हंस, रात्री काठच्या शेतात उतरतात आणि कोवळं पीक खातात. ते बघायला लोक पुण्या-मुंबईहून येतात. ज्याचा हरभरा त्यांनी खाल्ला तो शेतकरी काही त्यांचे फोटो काढत नाही.

हा हरभरा बहुतेक वेळा गाळपेराचा असतो. पाणी जसजसं मागं सरकतं तसतशी ओली जमीन मोकळी होते, तिच्यात नांगर न घालता, खत न देता पीक घेता येतं, त्याला गाळपेर म्हणतात. हरभरा, मका, कडवळ. पुढच्या पावसाळ्यात ते सगळं पुन्हा बुडतं. बुडालेली धाटं, मुळं, गवत पाण्यात कुजतं, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यावर मासे. एकच जमीन सहा महिने रान आणि सहा महिने माशांचं कुरण असते.

ही जमीन कधीकाळी कुणाची तरी होती. धरणात डझनावारी गावं गेली आणि माणसं वरच्या माळावर जुन्या नावाच्या नव्या गावांत राहायला गेली. पाणी खूप उतरलं की इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं देऊळ गाळातून वर येतं आणि म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन बघायला जातात. भोई आणि कोळी पिढीजात मासेमारी करणारे. त्यांच्या जोडीला जमीन गेलेले कितीतरी शेतकरी जाळं घेऊन पाण्यात उतरले. एका काठावरून दुसऱ्या काठावर जायला रस्त्यानं मोठा वळसा पडतो, म्हणून मोटारसायकलसकट होडीत बसणारे लोक आजही दिसतात.

धरणाच्या खाली चित्र वेगळं. तिथं नदी आहे, पण ती सोडलेली नदी. गुरसाळ्यापासून औरादपर्यंत बंधाऱ्यांची माळ लागलेली. पावसाळा संपला की बंधाऱ्यात बर्गे टाकतात, म्हणजे खाचांतून फळ्या बसवून पाणी अडवतात, आणि भीमा डबक्यांची साखळी होते. मग कधी वारीसाठी, कधी शेतीसाठी, कधी सोलापूर शहराला पिण्यासाठी धरणातून पाणी सुटतं आणि कोरड्या पात्रात एका रात्रीत लोंढा येतो. नदी सुरय नावाचा पक्षी उन्हाळ्यात उघड्या वाळूवर नुसता खड्डा करून अंडी घालतो. निसर्गात त्या दिवसांत पूर यायचा नसतो, म्हणून त्यानं ती वेळ निवडलेली. असं अवेळी पाणी आलं की घरटं गेलं.

वाळूचंही तसंच. पंढरपूरला चंद्रभागेच्या पात्राला वाळवंट म्हणतात, कीर्तनं तिथंच रंगतात. ही वाळू पावसाळ्याचं पाणी पोटात धरून ठेवते, काठच्या विहिरींना देते. तळाशी राहणाऱ्या लहान माशांचं ते घर, लपण आणि अंडी घालायची जागा. धरणामुळं वरून नवी वाळू येणं जवळपास थांबलं आणि खालची ट्रकनं गेली. उरतो तो काळा गाळ आणि बाभळी.

सीना नदी मात्र अजून मनाची मालकीण आहे. एरवी मोहोळच्या पुढं तिच्यात गुडघाभर पाणी दिसणं कठीण, आणि 2025 च्या सप्टेंबरात तिनं असा महापूर आणला की लांबोटीजवळ पुणे-सोलापूर महामार्ग बंद ठेवावा लागला. अशा पुरात शेततळी फुटतात आणि पाळलेले मासे नदीत मोकळे होतात. दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात 1018 सालचा मराठी शिलालेख आहे. आपली भाषा दगडावर उमटली त्या दिवसांत या संगमात कटला नव्हता, चिलापी नव्हती. मग काय होतं?

त्याचं थोडं उत्तर एका इंग्रज अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय. कर्नल साईक्स यांनी 1830 च्या दशकात दख्खनच्या माशांची वर्णनं केली. भीमेचे, मुळा-मुठेचे मासे कोळ्या-भोयांकडून घेतले आणि शास्त्रीय नाव देताना अनेकदा त्या लोकांनी सांगितलेलं नावच लॅटिनच्या शेजारी बसवलं. म्हणून जगभरच्या ग्रंथांत आज 'टॉर खुद्री' आहे, हा आपला महासीर. 'कोलस' आहे, 'टाक्री' आहे, आणि 'मिस्टस सींगटी' आहे, म्हणजेच मावशींच्या घमेल्यातला शिंगटा. कृष्णेच्या खोऱ्यात तर एक 'खवलचोर' आहे, दुसऱ्या माशांचे खवले कुरतडून खाणारा. मराठीतला चोर थेट शास्त्रीय नावात.

यातले पुष्कळ मासे चढणीचे. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी आलं की प्रवाहाच्या उलट वर चढायचं, ओढ्यात, नाल्यात, भरलेल्या शेतात अंडी घालायची आणि पाणी ओसरता ओसरता परत फिरायचं, ही त्यांची रीत. आमच्या लहानपणी मृग बरसला की पोरं ओढ्याला टोपली लावून बसायची. आता वर चढायला निघालेल्या माशाच्या वाटेत पहिला बंधारा, मग दुसरा, मग ती अडीच किलोमीटरची भिंत. महासीरसारख्याला खळाळतं, दगडी पात्र लागतं, तो इथून गेला. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची पैदास होते. शिंगटा लहान, खाण्यात नखरे नाहीत, डबक्यातही निभावतो, म्हणून राहिला.

मी शिंगटेच मागितले. मावशींनी आधी पक्कड काढली. शिंगट्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक कडक काटा असतो, घाबरला की तिन्ही ताठ करून कुलूप लावल्यासारखे अडकवून ठेवतो, मेल्यावरही ते तसेच राहतात. एक एक काटा कट्‌कन मोडत त्या म्हणाल्या, "ह्ये घावलं तर घावतं बगा. चिलापी रोज हाय."